एका टोल्याचे शेकडा शंभर

एकाच्या उजवीकडे बसोन त्याचे दहा करणारे जे शून्य, त्यास साष्टांग दंडवत घालोन सेवक लिहितो ऐसाजे.

शके अठराशे एकोणीस, हेमलंबी नाम संवत्सरे, चैत्रमासी सरकारस्वारीस बेसबॉल म्हणोन जी फिरंगी चेंडूफळी, तिचा छंद जडला आणि शेजारील संस्थानाशी बोली जाहली की, सामना जिंकेल त्याचे नदीकाठचे गायरान. त्या गायरानी बिरोजी हटकर धनगराची मेंढरे चरत आणि टोला मारावा तर बिरोजीनेच, हे पोरेसोरेही जाणत होती. परंतु सरकारांस आकड्यांचे वेड लागलेले. सेवक दरबारचा पंतोजी, त्यास आज्ञा जाहली की, प्रत्येकाचे टोले शेकड्यात मांडा, जो वर निघेल तो संघाचा सरदार आणि अखेरचा दांडा त्याचे हाती. मग सेवकाने मांडिले. बिरोजीने तीनशे वेळा दांडा धरिला, नव्वद वेळा टोला साधला, शेकडा तीस. सरकारांचे मेहुणे चिमणराजे यांणी जन्मात एकदा दांडा धरिला, डोळे मिटोन फिरविला, चेंडूच येऊन आदळला. एकात एक, शेकडा शंभर. आणि तेव्हापासोन राजे मनगट दुखते म्हणोन दांड्यास शिवत नसत, न जाणो शंभराचे खाली यावे लागेल. सरकार संतोष पावोन बोलिले, "शंभर! वाहवा! पंतोजी, यात काही खोट?" एका वेळेवरून शेकडा काढू नये, हे सेवक युवराजांस रोज शिकवीत होता. परंतु मेहुणे समोर बसले होते. सेवक बोलिला, "गणित चोख आहे, सरकार." जळो ती जीभ!

मग सामना जाहला आणि अखेरचे डावी एक टोला बसता तर जीत, ऐसा प्रसंग आला. बिरोजीने हात जोडिले, "म्हाराज, माझी मेंढरं त्याच रानात चरत्यात. मला मारू द्या." सरकार म्हणाले, "तिसाने शंभरापुढे बोलू नये." आणि चिमणराजे उभे राहिले आणि तीन चेंडूंस तीन वेळा नुसता वारा घालोन बाद जाहले आणि गायरान गेले. सेवकास वाटले, आता तरी डोळे उघडतील. सरकारांनी पुसिले, "मेहुण्यांचे आता किती?" सेवक बोलिला, "दांडा धरिला दोनदा, टोला एक. शेकडा पन्नास." "म्हणजे अजून तिसाहून वरच की!" म्हणोन सरदारकी कायम जाहली आणि चोख गणिताबद्दल सेवकास शालजोडी मिळाली.

मग बिरोजी कळप घेवोन राज्याबाहेर निघाला, तो सेवकाचे दारी थांबला. "पंतोजी, तुमास्नी ठावं व्हतं न्हवं?" "होते." "मग?" तो मेंढरे हाकीत गेला.

सारांश, बिरोजीही दहांत सातदा चुकताच, हे खरे. उरल्या तिहींत गायरान वाचत होते. ती तीन सेवकाने खाल्ली. घडले तैसे लिहिले, आणि तीच शालजोडी पांघरोन लिहिले.