दोन सुयांचा तंटा आणि कमळजाबाईंचे यकृत

प्रथम धन्वंतरीस दंडवत, मग दुर्बिणीस, मग ज्यांनी आपले पोट विश्वासाने आमच्या हवाली केले त्या सर्वांस. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी पचनविभाग नामे राज्यात जे वर्तले ते लिहिले असे. राज्य कोणत्या शहरी, हे विचारू नये. तेथील महाराज म्हणजे विभागप्रमुख रंगरावसाहेब, त्यांचे तख्त चाकांचे, आणि एक चाक सदा कुरकुरते. त्यांच्या पदरी दोन सरदार बलाढ्य, दोघेही नळीवाले, म्हणजे रोग्यास झोपवून मुखावाटे नळी जठरात उतरवावी, आणि नळीच्या टोकावरील ध्वनियंत्राने जठराच्या भिंतीपलीकडचे यकृत पडद्यावर पाहावे, आणि मग त्याच भिंतीतून सुई घालून यकृताचा धाग्याएवढा नमुना काढून आणावा, ऐसी त्यांची चाकरी. एक सरदार हिंदुराव शेळके, त्यांची सुई मुकुटमुखी, टोकास तीन दाते. दुसऱ्या सरदार अनसूयाबाई खर्शीकर, त्यांची सुई काटेमुखी, टोकास दोन पाती. जाडीने दोन्ही सारख्या. आणि यांत थोर कोणती, यावरून चहाच्या टेबलावर नित्य रण माजत असे.

"तुमचा मुकुट नाटकातला आहे हो, हिंदुराव."

"आणि तुमचा काटा नूडल्स खायचा!"

मग महाराज कंटाळले आणि त्यांनी हुकूम फर्माविला, की जो रोगी राजी होईल त्यास एकाच बैठकीत दोन्ही सुया लावाव्या, आधी कोणाची ते चिठ्ठी टाकून ठरवावे, आणि नमुने बिननावाच्या दोन डब्यांत शिक्का मारून न्यायाधीश वत्सलाबाई हर्डीकर यांजकडे रवाना करावे. न्यायाधीश सूक्ष्मदर्शक दुर्बिणीपाशी बसत आणि कोणाची भीड धरीत नसत. त्यांचा न्याय ऐसा, की यकृताच्या प्रांती ठायी ठायी नाकी आहेत, जेथे दोन वाटा रक्ताच्या आणि एक पित्ताची एकत्र येतात, आणि रोगाचा दंगा या नाक्यांवर ओळखू येतो, म्हणून नाकी अखंड हवीत आणि भरपूर हवीत. ऐसे करिता वर्ष सरत आले आणि दोन्ही सुया बरोबरीत राहिल्या, आणि सामन्यास एकच रोगी कमी पडला.

तो रोगी कमळजाबाई मोहिते, खाणावळीच्या मालकीण. वर्षभर डोळे पिवळे, अंगी त्राण नाही, आणि कारण सापडेना, आणि कारणावाचून औषध देता येईना. पूर्वी अन्य वैद्यांनी बाहेरून बरगड्यांमधून सुई घातली होती, दुखले फार आणि हाती आला चुरा. म्हणून बाईंनी महाराजांस तोंडावर सांगितले, "दोन सुया घाला नाहीतर चार घाला, पण बैठक एकच. परत बोलावलंत तर मी येणार नाही. मग पिवळी तर पिवळी!" महाराजांनी वचन दिले, आणि बाई निजल्या, आणि चिठ्ठीत मुकुट आधी निघाला, आणि हिंदुरावांनी सुई घातली आणि लांब तांबूस धागा आणिला, आणि मग अनसूयाबाईंनी घातली आणि तैसाच आणिला, आणि दोन्ही धागे मिठाच्या पाण्यात सुखरूप उतरले, आणि आता डब्या बंद करून पाठवाव्या एवढेच उरले होते, आणि तोच हिंदुरावांनी मोजायची पट्टी मागविली.

"सहज बघू या, कुणाचा लांब आहे."

"माझा वेटोळे घालून बसलाय, म्हणून छोटा दिसतो," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि चिमट्याने त्याचे टोक धरून धागा पट्टीवर सरळ करू लागल्या, आणि

तुटला.

हिंदुराव हसले. "काय काटेमुखी! चुरमुरे झाले!"

"तुमचा ठेवा ना पट्टीवर. बघू दे मर्दुमकी."

ठेवला.

तीन तुकडे.

कोणी हसले नाही.

बाई घोरत होत्या.

डब्यांना शिक्का लागला. डब्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीश स्वतः दरबारी आल्या.

"या धाग्यांना हात कुणी लावला?"

"मी. सरळ करायला गेले."

"मी पण. माझा तर सरळच होता, मॅडम."

"शाबास! नाकी मधोमध चिरलीत. एका डबीवर निकाल देता येणार नाही, दुसरीवरही नाही. दोन्ही मिळून वाचल्या तर पुरतील. पण मग ही बाई तुमच्या सामन्यातून बाद. बोला."

महाराजांचे चाक कुरकुरले. परिषदेत वाचावयाचा लेख हिंदुरावांनी अर्धा लिहून ठेविला होता, आणि शीर्षकात मुकुट जिंकलाही होता. ते अनसूयाबाईंकडे पाहू लागले.

"तिला परत बोलवायचं?" त्या म्हणाल्या. "कुठल्या तोंडाने?"

"नकोच. एकत्र वाचा, मॅडम," हिंदुराव म्हणाले.

मग शिक्के फुटले, आणि दोन्ही डब्यांतील तुकडे एकाच दुर्बिणीखाली आले, आणि न्यायाधीशांनी नाक्यामागून नाके तपासिले, आणि निकाल लागला. दोघे सरदार तो घेऊन बाईंकडे गेले, आणि धागे आपल्याच हौसेने तुटले, हेही त्यांनी आधी सांगून टाकिले.

"इतकी शिकली-सवरलेली माणसं, आणि पट्टी लावत बसलात?" बाई म्हणाल्या. "बरं, निघालं काय?"

"बाहेरचा शत्रू नाही, कमळजाबाई. तुमच्या अंगातलेच शिपाई तुमच्याच यकृतावर चालून गेलेत."

"आपलेच? मग दटावा की मेल्यांना!"

"दटावणारी गोळी आहे. आजपासूनच सुरू."

बाई पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "दोघं रविवारी जेवायला या. वाढीन मी. मोजायचं नाही."

सारांश इतकाच. फाल्गुनात बाईंच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. पट्टी त्या दालनातून हद्दपार झाली. नवा सामना मांडिला, त्यात लांबी न्यायाधीशांनीच दुर्बिणीखाली मोजली आणि मुकुट किंचित पुढे निघाला. मग अनसूयाबाईंनी काटा ठेवून मुकुट हाती घेतला, आणि आज त्या तो हिंदुरावांहून सरस चालवितात. हे शेवटचे वाक्य हिंदुरावांस मान्य नाही, तरी लिहिले असे.