सपत्नीक परदेशगमन

ताग गोणी शिवण परीक्षण मंडळाचे उपमुख्य निरीक्षक जयप्रकाश मुजुमदार यांनी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, सेवेचे चौदा महिने शिल्लक असताना, स्वखर्चाने सपत्नीक पॅरिसला जाण्याचा निर्णय घेतला. त्या दिवशी युरो एक्क्याण्णव रुपयांना होता.

निर्णय खरं तर प्रेमलताबाईंचा. मुजुमदारांच्या बदल्यांमागे फिरताना त्या विजयनगरममध्ये तेलुगू शिकल्या, कटिहारला हिंदी सुधारली आणि कोलकात्यात आल्यावर सहा महिन्यांत बालीगंजच्या मासेवाल्याशी बंगालीत भांडू लागल्या. चार वर्षांपूर्वी त्यांनी फ्रेंचच्या वर्गात नाव घातलं. नवऱ्याच्या बदलीशी काही संबंध नसलेली त्यांची ही पहिलीच भाषा. तिच्यात भाजी घ्यायची नव्हती, गॅसवाल्याला बोलवायचं नव्हतं. "एकदा तिथल्या माणसाशी दहा मिनिटं बोलायचंय," त्या म्हणाल्या. "त्याला कळतं की नाही ते बघायचंय."

गडियाहाटच्या चंदन साहा यांच्या ट्रॅव्हल एजन्सीने सात रात्रींचे, दोघांचे, चार लाख दहा हजार सांगितले. मुजुमदारांकडे ते होते. प्रश्न पैशांचा नव्हताच. प्रश्न प्रपत्र सातचा होता.

मंडळाच्या कर्मचाऱ्याला खासगी कामासाठी परदेशी जायचं झालं तर प्रपत्र सात भरावं लागतं. त्यात किती खर्च येणार आणि तो पैसा आला कुठून, हे लिहायचं. मुजुमदारांनी लिहिलं. फाइल सहा टेबलांवरून जायची होती. तिसऱ्या टेबलावर असं निघालं की २०११ साली शिवण मोजायचं एक भिंग त्यांच्या नावावर दिलं होतं आणि ते परत आल्याची नोंद नाही. फाइल कोलकात्याजवळच्या बजबज गावातल्या गोदामात गेली. भिंग सापडलं, त्यातून गोदामाचे रखवालदार वर्तमानपत्र वाचत होते. भिंग जमा होऊन फाइल परत येईपर्यंत नऊ आठवडे गेले आणि युरो सत्त्याण्णववर पोहोचला.

मंजुरी मात्र आली. तीन लाख एकोणसत्तर हजारांची.

मुजुमदार दक्षता अधिकारी बागची यांच्याकडे गेले. बागची त्यांना पहिल्या दिवसापासून बंगालीच समजत आले होते, कारण कोलकात्यात मुजुमदार आडनावाचा माणूस दुसरा कोणी असू शकतो हे त्यांना पटत नसे.

"मोजुमदारबाबू, यंदा सर्व खर्चात दहा टक्के कपातीचं परिपत्रक आहे," बागची म्हणाले.

"पण साहेब, हा मंडळाचा खर्च नाही. पैसे माझे आहेत."

"परिपत्रकात 'सर्व' म्हटलंय. 'सर्व'मध्ये तुम्ही येत नाही असं मी लिहून देऊ? उद्या तुमच्या पेन्शनच्या वेळी कुणी हाच कागद काढला तर?"

मुजुमदार मंजुरीचा कागद घेऊन उठले. पस्तीस वर्षं गोण्यांचे टाके मोजलेल्या माणसाला कुठला धागा ओढू नये हे कळतं.

तिकडे साहांनी चार लाख अडतीस हजारांचा नवा आकडा काढून ठेवला होता. "दादा, विमान डॉलरमध्ये, हॉटेल युरोमध्ये. रुपयात फक्त माझा चहा," असं म्हणून त्यांनी तो मागवला. मंजुरीपेक्षा जास्त खर्च केला तर तो 'अघोषित' ठरणार होता, म्हणून मुजुमदारांनी सुधारित अर्ज केला. त्यावर लेखी खुलासा मागवण्यात आला: रुपया घसरणार हे अर्जदारास आधी ठाऊक होते काय? असल्यास ही माहिती त्यांना कोणाकडून मिळाली? नसल्यास मूळ अंदाजपत्रक कशाच्या आधारे केले?

मुजुमदारांनी दोन रात्री बसून खुलासा लिहिला. रुपयाची घसरण त्यांच्या संमतीविना झाली असून तीत त्यांचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हात नाही, असं त्यात नमूद केलं. खुलासा स्वीकारला गेला. सुधारित अर्जही मंजूर झाला. पण नवी रक्कम ठरवताना आधीची मंजुरीच आधार धरली गेली आणि नव्या अर्जावर नवी कपात लागली. तीन लाख बत्तीस हजार शंभर. युरो तेव्हा एकशे एकवर होता.

आता एक चमत्कारिक अवस्था आली. अर्ज करावा तर दहा टक्के जात, न करावा तर युरो चढे. साहा मदतीला धावले. त्यांनी सातच्या चार रात्री केल्या. नाश्ता काढला. मग हॉटेल हलवलं.

"पॅरिसपासून जरा लांब आहे," ते म्हणाले.

"किती लांब?"

"बेल्जियममध्ये आहे. पण दिशा तीच."

प्रेमलताबाईंनी नकाशा पाहिला आणि बेल्जियममध्येही काही लोक फ्रेंच बोलतात असं सांगून होकार दिला. तोवर युरोने एकशे तीन गाठले आणि बेल्जियमही गेलं. मुजुमदारांनी तिसरा अर्ज केला. मंजुरी दोन लाख अठ्ठ्याण्णव हजार आठशे नव्वद. या वेळी मात्र तळाशी एक टीप होती: मंजुरी एकतीस डिसेंबरपर्यंत वापरावी, न वापरल्यास 'विनाकारण परवानगी मागितली' अशी नोंद सेवापुस्तकात घेतली जाईल.

त्या संध्याकाळी जेवताना प्रेमलताबाई म्हणाल्या, "अहो, मी एकटी जाऊन येऊ का? एका माणसाचं या पैशात बसेल. आणि मला कुठे तुमच्या मंडळाची परवानगी लागते?"

मुजुमदारांचा घास हातातच राहिला. इतकं साधं उत्तर आपल्याला सुचलं नाही याची त्यांना लाज वाटली, आणि ही एकटी गेली तर आपल्याला काय वाटेल याचा अंदाज येईना. तरी दुसऱ्या दिवशी ते बागचींकडे गेले.

"मिसेस जाऊ शकतात, नक्की जाऊ शकतात," बागची म्हणाले. "खर्च कोण करणार?"

"मी."

"मग ते तुमचंच परदेशगमन झालं. आणि मंजुरी 'सपत्नीक' आहे. तुम्ही न जाता त्या गेल्या, तर 'सपत्नीक'मधले तुम्ही कुठे आहात?"

घरी येऊन मुजुमदारांनी हे जसंच्या तसं सांगितलं. त्या आठवड्यात प्रेमलताबाई वर्गाला गेल्या नाहीत. मुजुमदारांनी विचारलं तेव्हा "गुडघा दुखतोय" म्हणाल्या. गुडघा गेली दहा वर्षं दुखत होता आणि वर्ग तळमजल्यावर होता.

मार्ग साहांनीच काढला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "दादा, रुपया ज्याच्यापुढे घसरलेला नाही असा एक देश आहे. एकास एक. भूतान. सियालदहहून रात्रीची गाडी, सकाळी हाशिमारा, तिथून टॅक्सी, गेट ओलांडलं की फुंतशोलिंग. परदेश! दोघांचे अठरा हजार पाचशे."

बागचींनी नियम पाहिला. 'परदेश म्हणजे भारताबाहेरील भूभाग' एवढंच त्यात होतं. किती बाहेर, ते नव्हतं. तेव्हा युरो एकशे पाचवर होता, पण आता त्याच्याशी कुणाचं काही देणंघेणं राहिलं नव्हतं.

फुंतशोलिंगला ते दोघं एक दिवस होते. गावापलीकडे डोंगरात जायचं तर रात्रीमागे फी होती, आणि फीसाठी चौथा अर्ज करायची मुजुमदारांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी रस्ते पाहिले. ते स्वच्छ होते. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. मुजुमदारांनी पाच मिनिटांत दोनदा "किती शिस्त आहे!" म्हटलं आणि मग विषय संपला.

दुपारी एका लहानशा उपाहारगृहात ते कॉफी घेत असताना शेजारच्या टेबलावर सत्तरीचा एक गोरा गृहस्थ भाजलेल्या नाकाने नकाशा उलटसुलट करत स्वतःशीच पुटपुटत होता. प्रेमलताबाईंनी कप खाली ठेवला. मग त्या उठल्या, पदर सारखा केला आणि फ्रेंचमध्ये काहीतरी बोलल्या. त्या गृहस्थाने आधी मागे पाहिलं, दुसरं कुणी बोललं का म्हणून. मग त्याचा चेहरा असा फुलला की मुजुमदारांना उगाच खाकरावंसं वाटलं.

दहा मिनिटं नाही, दोघं पावणेदोन तास बोलत होती. प्रेमलताबाई अडखळत होत्या, हात हलवून शब्द शोधत होत्या, हसत होत्या. मुजुमदारांनी आपल्या बायकोला इतकं मोठ्याने हसताना विजयनगरमनंतर ऐकलं नव्हतं. मध्येच त्या मान वळवून मराठीत सांगत. तो गृहस्थ टपाल खात्यातला निवृत्त कारकून होता. दर हिवाळ्यात तीन महिने भारतात येतो. तिकडे राहण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आता तर रुपया इतका उतरलाय की यंदा चौथा महिनाही परवडतोय. गावापलीकडची फी मात्र डॉलरमध्ये असल्याने त्यालाही परवडत नव्हती.

"विचार त्याला," मुजुमदार म्हणाले, "त्यांच्या खात्यात परवानगी लागते का."

प्रेमलताबाईंनी विचारलं. त्या गृहस्थाने प्रश्न दोनदा पुन्हा विचारून घेतला. "त्याला प्रश्न कळलाय," त्या म्हणाल्या, "पण त्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळत नाहीये."

परत आल्यावर मुजुमदारांनी परदेशगमनाचा पुरावा म्हणून कॉफीचं बिल जोडलं. लेखा विभागाने ते परत पाठवलं: एकास एक असा विनिमय दर सध्याच्या परिस्थितीत संभवत नाही, खुलासा करावा. तो खुलासा अजून चालू आहे.

जानेवारीत कोलकात्यातल्या मराठी मंडळाच्या सचिव मंगलाताई खासनीस यांनी रिवाजाप्रमाणे 'आमचा परदेश प्रवास' या मालेत मुजुमदार पतिपत्नीचा कार्यक्रम ठेवला. या कार्यक्रमाला बसायची एक अलिखित पद्धत आहे. युरो सत्तरला असताना जाऊन आलेले पहिल्या रांगेत बसतात, ऐंशीवाले मध्ये, नव्वदच्या पुढचे मागे पंख्याखाली. न गेलेले उभे राहतात. एकास एक भावाने गेलेल्यांना कुठे बसवायचं हे कुणालाच सुचेना, म्हणून त्यांना थेट व्यासपीठावर बसवण्यात आलं.

मुजुमदार खर्चावर बोलले. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. लोकांनी साहांचा नंबर लिहून घेतला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उभं राहून, आपण अडुसष्ट रुपये साठ पैशांनी गेलो होतो, असं अभिमानाने नमूद केलं. टाळ्या पडल्या.

मग प्रेमलताबाई उभ्या राहिल्या आणि त्या दुपारबद्दल सांगू लागल्या. दोन वाक्यं झाली असतील. एकेक मोबाइल उजळू लागला. आजचा भाव काय आहे ते लोक पाहत होते. मागून कुणीतरी कुजबुजलं, "एकशे सात." ती कुजबुज रांगारांगांतून पुढे गेली. प्रेमलताबाई थोडं थांबल्या, मग बोलत राहिल्या, नंतर बसल्या. मंगलाताईंनी आभार मानले आणि बटाटेवडे आले.

सभागृहात त्या दिवशी एकशे चौदा माणसं होती. कार्यक्रमानंतर साहांचं कमिशन किती, गाडीचं तिकीट कोणत्या वर्गाचं, कॉफी केवढ्याला पडली, असे एकूण सदतीस प्रश्न आले. पावणेदोन तास समोर बसून बोललेल्या त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं, हे मात्र प्रेमलताबाईंना एकानेही विचारलं नाही.

तुम्हालाही ते विचारावंसं वाटलं नाही. युरो कुठून कुठे गेला, ते मात्र तोंडपाठ असेल.