चुन्याचे दगड

बब्बूचाचांच्या पंक्चरच्या दुकानात हॉर्न वाजवायला बंदी होती. कुणी वाजवलाच तर चाचा पाना उगारून धावायचे, "हळू बे! मागं बाई अंड्यावर बसलीय!"

ही बाई म्हणजे पखुर्डी. पारव्याएवढा, मातीच्या रंगाचा पक्षी. घरट्याला एक काडी आणत नाही. उघड्या माळावर पायानं जरा खरवडते आणि तिथंच अंडी घालते. "पत्रा न्हाई, भिंत न्हाई, तरी संसार चाललाय बघ!" चाचांना त्याचं लई कौतुक. नर लांबच्या तळ्यात पोटाची पिसं भिजवून पिलांना पाणी पाजतो, हे सांगताना ते स्वतःचा शर्ट ओला करून दाखवायचे.

सिरसाळ्याच्या रस्त्याला त्यांचं दुकान आमच्या घराला लागूनच. चाची वारलेल्या, मूलबाळ नाही. सातवीत माझी शाळा सुटली तेव्हा टायर खोलायला त्यांनीच शिकवलं. आज चाकणला मी दोन घास खातो ते त्यामुळं.

त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर माळावरून आडवे जायला लागले. अंडी चिरडू नयेत म्हणून चाचांनी भोवती दगड मांडले, आणि दिसावेत म्हणून त्यांना चुना लावला. दुसऱ्या दिवशी तिथं नारळ फुटला. मग उदबत्त्या आल्या. आमच्या आईनंही लांबून हात जोडले.

"अरे देव न्हाई, अंडी हायत!" चाचा ओरडायचे.

"असू द्या की चाचा," नांदूरघाटचा एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "नवसाला पावतो का तेवढं सांगा."

"तिला एकटीला सोडा, हाच नवस करा!"

एक दिवस कुणीतरी नवस फेडायला हलगी घेऊन आलं. पखुर्डी उडाली, ती परत आलीच नाही. चाचा लांब बसून वाट बघत राहिले. अंडी उन्हात तापत गेली.

नंतर ते एकेक दगड घासून चुना काढत होते. "मातीत मिसळून बसली व्हती तवर कुणाला दिसत न्हवती. मीच दाखवून दिली बे."

पुढं मी चाकणला निघालो. सगळी गल्ली एसटीपाशी आली, चाचा तेवढे नाहीत. माझं काही चुकलं का, म्हणून मी खिडकीतून मान काढून रस्ता बघत होतो. बस सुटल्यावर दिसले. बाभळीआड उभे होते, पाण्याची भरलेली बाटली छातीशी धरून.

पोचल्यावर फोनवर विचारलं, "चाचा, जवळ कावून आला न्हाईत?"

म्हणाले, "लांबच बरं बे. जवळ जाऊन बघितलंय एकदा. तिकडं पाणी मिळतंय ना?"