भरलेली बंदूक आणि ओहायोची हद्द

"जेवायला बसल्यावर कायदा काढायचा नाही. एवढं एक लक्षात ठेव," लोर्नाने नवऱ्याला बजावलं.

"त्यांनीच विषय काढला तर?" वेंडेलने विचारलं.

"तर पाणी प्यायचं. आणि व्याह्यांच्या बंदुकीला नावं ठेवायची नाहीत. त्यावर दुर्बीण असली तरी."

वेंडेल क्रॅट्झरला हे जड जाणार होतं. पश्चिम पेन्सिल्व्हेनियातल्या त्या गावात शिकारीला निघणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या सुरक्षावर्गातून जावं लागे. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकीने हरणाची शिकार करायची तर कोणत्या राज्यात कधी, कशी आणि कोणते कपडे घालून करायची, हे त्याला तोंडपाठ होतं. इथे नाताळानंतर फक्त गारगोटीच्या ठिणगीने उडणारी चकमकीची बंदूक चालते आणि दुर्बीण अजिबात चालत नाही. शेजारच्या ओहायोत दुर्बीणही चालते आणि आधुनिक बनावटीची बंदूकही, पण अंगावर नारिंगी जाकीट पाहिजे. कोलोराडोत आणखी तिसरंच. कुणी नुसतं "थंडी वाढली" म्हटलं, तरी वेंडेल जानेवारीच्या नियमांवर घसरायचा.

त्याची मुलगी कोरीन हिने ओहायोतला मुलगा पसंत केला होता. मुलाकडच्यांनी क्रॅट्झर कुटुंबाला एकदा जेवायला बोलावलं होतं, तेव्हा वेंडेल एका शिकाऱ्याशी बंदुकीच्या नळीच्या व्यासावरून वाद घालत बसला आणि गेलाच नाही. आज दुसरं बोलावणं होतं. कोरीनने निरोप ठेवला होता, "बाबा, बारा वाजता ये. आज नाही आलास तर लग्नात चर्चमध्ये माझा हात धरून न्यायला मी लीलंडमामाला सांगणार आहे."

लीलंडमामा म्हणजे लोर्नाचा भाऊ. मेहुण्याच्या हाती आपली लेक द्यायची, ही कल्पनाच वेंडेलला सहन होईना. पण हंगामातला शनिवार वाया घालवणंही जिवावर आलं होतं. अखेर तडजोड झाली. लोर्ना आणि कोरीन स्वयंपाकाला हातभार लावायला पुढे जाणार, आणि वेंडेल सकाळी जरा रानात बसून थेट व्याह्यांकडे पोचणार.

रानात त्याने बंदूक ठासली. ठासता ठासता तो पुटपुटत होता, "दुर्बिणीला नावं ठेवायची नाहीत. परवाना विचारायचा नाही. पाणी प्यायचं." मग तो झाडाला टेकून बसला. हरीण काही आलं नाही. एक खार आली आणि त्याच्याकडे बराच वेळ तुच्छतेने बघून गेली.

वेळेच्या बऱ्याच आधी तो निघाला. बंदुकीच्या कानापाशी, म्हणजे नळीतल्या दारूपर्यंत जाणाऱ्या बारीक भोकापाशी, ठेवलेली रंजक, म्हणजे ठिणगीने पेट घेणारी चिमूटभर दारू, त्याने पुसून टाकली आणि बंदूक गाडीत मागे ठेवली. रंजक पुसली की इथल्या कायद्याने बंदूक रिकामी. ओहायोची पाटी दिसली आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. हे इथलं झालं. ओहायोत काय? काही राज्यांत नळीत दारू आणि गोळी असेतो बंदूक भरलेलीच धरतात. ओहायो त्यातलं की नाही? सात राज्यांचे नियम त्याच्या डोक्यात एकमेकांत कालवले गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा वेंडेलला नियम आठवेना, आणि कुणाला विचारायचं तर अब्रूचा प्रश्न.

"बार काढून टाकू, म्हणजे वादच नको," तो स्वतःशी म्हणाला.

ठासणीची बंदूक रिकामी करायचा सोपा मार्ग एकच, ती उडवायची. हद्दीलगत त्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत होतं. शेतकऱ्याला विचारून तो रस्त्यापासून चांगला आत गेला, मातीच्या बांधासमोर उभा राहिला, नवी रंजक घातली आणि चाप ओढला.

फुस्स.

रंजक पेटली, धूर झाला आणि संपलं. अशा वेळी आतली दारू कधी उशिरा पेट घेते, म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून थांबायचं, हे तो वर्गात टेबलावर मूठ आपटून शिकवायचा. तो थांबला. पुन्हा रंजक घातली. फुस्स. पुन्हा थांबला. बंदुकीचा कान पिनने साफ केला. फुस्स. आता तर पंचाईतच झाली. चाप ओढूनही न उडालेली बंदूक गाडीत घालायची नाही, हाही त्याचाच नियम. गोळी खेचून काढायचा स्क्रू घरी राहिला होता. बंदूक खाली ठेवून जावं, तर भरलेली बंदूक सोडून जाणं सगळ्याच राज्यांत वाईट.

फोन वाजला.

"कुठे आहेस तू?" लोर्नाने विचारलं.

"हद्दीवर, ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात."

"मग ओलांड ना!"

"ओलांडता येत नाही. बंदूक भरलेली आहे."

"रिकामी कर!"

"रिकामी होत नाही."

मग कोरीनचा आवाज आला, अगदी गार. "आई, लीलंडमामाचा नंबर दे."

वेंडेलला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. बोटं गारठली होती, बंदूक बांधाकडे रोखलेली होती, आणि लेक डोळ्यांदेखत मेहुण्याच्या हाती चालली होती.

थोड्या वेळाने ओहायोकडून एक ट्रक आणि मागोमाग दोन गाड्या आल्या. ट्रकमधून व्याही रॉस्को बेंडर उतरले. त्यांच्या मागून विहीणबाई, जावई आणि जावयाची म्हातारी आजी, आणि शेवटच्या गाडीतून लोर्ना आणि कोरीन. बेंडरांकडच्या सगळ्यांच्या अंगात झगझगीत नारिंगी जाकिटं होती. आजीने वर नारिंगी टोपीही घातली होती.

"अहो, तुम्ही शिकारीला निघालात की काय?" वेंडेल चक्रावला.

"नाही हो. तुम्हाला भेटायचं म्हणून घातलंय," विहीणबाई चाचरत म्हणाल्या. "तुम्ही नियमाचे फार कडक, असं ऐकलं होतं."

रॉस्कोने बंदूक बघितली. "एवढंच ना? ट्रकमध्ये गॅसच्या दाबाने गोळी ढकलायचं यंत्र आहे. कानाला लावायचं, की गोळी बाहेर. पण तुम्हाला असली नवी खेळणी चालत नाहीत म्हणे."

वेंडेल हळूच म्हणाला, "चालतील."

"आणि आमच्याकडेही रंजक पुसली की बंदूक रिकामीच धरतात. तुम्ही तसेच आला असतात तरी चाललं असतं."

वेंडेल पाणी प्यायला. सगळ्यांना मागे उभं करून रॉस्कोने यंत्र लावलं. 'फट्' आवाज झाला आणि गोळी बांधापाशी जाऊन पडली. वेंडेलने गजाला चिंधी गुंडाळून नळीत घातली. चिंधी तशीच पांढरीशुभ्र बाहेर आली. रॉस्कोने ती उलटीसुलटी करून बघितली.

"वेंडेल, यात दारू कुठाय?"

वेंडेलचा हात कोटाच्या खिशात गेला. सकाळी मोजून घेतलेली दारू मापात जशीच्या तशी होती. कुणाला नावं ठेवायची नाहीत हे घोकण्याच्या नादात त्याने दारू न घालता नुसती गोळीच ठासली होती. इतका वेळ तो एका लोखंडी काठीला घाबरून उभा होता.

मनात आलं, काही थाप मारावी. पण जावई समोर होता, लेक समोर होती. "विसरलो," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "दारू घालायलाच विसरलो. वर्गातल्या पोरांनी हे केलं तर मी त्यांना नापास करतो."

मग आजी खुदकन हसली. विहीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि अंगातलं जाकीट काढलं.

"मी तीन दिवस घासपूस करतेय हो," त्या म्हणाल्या. "म्हटलं, हा माणूस आमचं घरही तपासेल."

"मी तर माझी बंदूकच लपवून आलोय," रॉस्को म्हणाले. "दुर्बीण आहे ना तिला! चला, आता दाखवतोच."

"पण जेवण गार झालं असेल," वेंडेल ओशाळून म्हणाला.

"बरोबर आणलंय," लोर्ना ट्रककडे बोट दाखवत म्हणाली. ट्रकचा मागचा फाळका पाडला गेला, हॅम आणि बटाट्यांची भांडी उघडली, आणि जानेवारीच्या थंडीत सगळ्यांनी उभ्या उभ्या ताटल्या भरल्या. वेंडेलने कुणाचा परवाना विचारला नाही. दुर्बीण कितीची घेतली, एवढंच विचारलं, तेही हळू आवाजात.

कोरीन जरा बाजूला जाऊन फोनवर बोलत होती. वेंडेलचा घास तोंडाशीच थांबला.

"हो मामा, मघाशी मीच सांगितलं होतं," ती म्हणत होती. "पण लग्नासाठी सूट घेतला असलास तर परत करून टाक." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. तिने बापाकडे बघितलं. त्याच्या मिशीला काजळी आणि बटाटा दोन्ही लागले होते.

"छे रे, बाबा कुठला वेळेवर यायला!" ती हसत म्हणाली. "आम्हीच आलो."