ठोकळ्याची परीक्षा

एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्याला गळका बांध होता. बसा रे नीट, हसू नका. बांधाच्या खाली साळूबाई नावाची साळिंदर राहायची, दोन पिल्लं घेऊन. बांध फुटला तर पहिलं घर तिचंच जाणार होतं.

राजाने नव्या बांधाचं काम वराहशेठला दिलं. हा रानडुक्कर बांधकामाची रसायनं विकायचा. त्याने एक नवं औषध काढलं होतं, 'झटपटघट्ट'. काँक्रीटमध्ये ओतलं की निम्म्या सिमेंटात भागतं, म्हणे! कुणाचाच विश्वास बसेना. त्याला हवा होता विद्यापीठाचा शिक्का.

विद्यापीठात डॉक्टर बगळे रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांच्याकडे शिक्का होता, पण उद्योगाशी सहकार्य नव्हतं. त्यावरून दरवर्षी वरून बोलणी बसायची. झालं, दोघांची गाठ पडली. चोर चोर मावसभाऊ म्हणतात ना, तसं. फक्त यातला एक भाऊ पीएचडी होता.

करार झाला. शाली झाल्या, नारळ झाले. फोटोत डॉक्टर एका पायावर उभे आहेत आणि वराहशेठ गळ्यातला हार खातोय.

आता परीक्षेची रीत ऐका. बांधाच्या मालाचा एक ठोकळा पाडायचा, पाण्यात मुरवायचा आणि यंत्रात दाबायचा. ठोकळ्याचा माल वराहशेठने घरी स्वतः कालवला. त्यात सिमेंट पोटभर, औषधाचा थेंब नाही. बांधात मात्र औषध पोटभर आणि सिमेंट नावाला.

साळूबाई धापा टाकत प्रयोगशाळेत आली.

"डॉक्टरसाहेब, बांधाला नख लावलं की वाळू गळते हो. एकदा येऊन बघा की!"

"बाई, करारात ठोकळा आहे. बांध नाही."

"अहो, पण माझी पोरं बांधाखाली झोपतात!"

"भावनेच्या आहारी जाऊ नका," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला. मेल्याने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

शिक्का बघून साळूबाईलाही वाटलं, एवढे शिकलेले सांगतात तर असेल बुवा पक्का. तिने बिऱ्हाड हलवलं नाही.

श्रावणात तळं भरलं आणि बांध गेला. साळूबाई एक पिल्लू तोंडात धरून वर आली. दुसरं आलंच नाही.

राजाने दोघांना बोलावलं.

"मी विद्यापीठाच्या शिक्क्यावर भरवसा ठेवला, महाराज," वराहशेठ म्हणाला.

"मी उद्योगाने दिलेल्या मालावर," डॉक्टर म्हणाले.

राजाने ठोकळा मागवला. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. राजाचं समाधान झालं.

मग दोघांनी मिळून प्रबंध लिहिला, 'पुरात बांध कसा वागतो'. त्याला मोठं बक्षीस मिळालं. समारंभात साळूबाईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. "माझं दुसरं पोर कुठंय, ते लिहिलंय का त्यात?" तिने विचारलं. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. मला तर वाटतं, ऐकू गेलं होतं.

तात्पर्य : बाळांनो, एकी हेच बळ. बांध एकट्याने फोडला तर तुरुंग असतो. उद्योगाने आणि विद्येने मिळून फोडला, तर त्याला संशोधन म्हणतात.