न वाजल्याचा दाखला

एका जंगलात, बाळांनो, वीज आली होती. हसू नका. तुमच्या गावात येते तशीच तिथेही यायची, आणि तुमच्या गावात जाते तशीच जायचीसुद्धा.

त्या जंगलात ओढ्याकाठच्या एका बिळात सुंद्राबाई नावाची साळिंदरीण राहत होती. वयाने म्हातारी, पण कामाला वाघ. खरी होती साळिंदरच, पण म्हणायची पद्धत आहे. तिच्या बिळात कोपऱ्यात एक लांबुडकी पेटी होती, घोंगडीत गुंडाळलेली. त्या पेटीत एक इलेक्ट्रिक गिटार होती. लालभडक रंगाची, कडेने सोनेरी पट्टी.

ही गिटार सुंद्राबाईचे यजमान रावजी यांनी लग्नाच्या वर्षी तालुक्याच्या बाजारातून आणली होती. बायकोला वाजवायची फार हौस, म्हणून. सुंद्राबाईने हरखून पेटी उघडली, आता हात लावणार, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, इतकी भारी वस्तू, रोज कशाला? चांगल्या प्रसंगाला काढू."

झालं. पेटी बंद.

दिगूचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, बारसं झालं तेव्हा वीज नव्हती. दिगूच्या लग्नात शेजारच्या बिळात सुतक होतं. रावजींच्या साठीला पाहुणे इतके आले की पेटी काढायला जागा नव्हती. असा एकेक प्रसंग येऊन गेला आणि दर वेळी सगळ्यांचं एकमताने ठरलं, की याहून चांगला प्रसंग पुढे येईल. यात नवल काय? आपल्याकडे पाहुण्यांसाठी ठेवलेले कप पाहुण्यांनासुद्धा देत नाहीत.

अशी चाळीस वर्षं गेली.

मग एका श्रावणात रावजींनी अंथरूण धरलं. एका दुपारी ते म्हणाले, "सुंद्रे, आता कुठला चांगला प्रसंग राहिलाय? काढ ती पेटी."

वीज गेलेलीच होती. वीज नसली की इलेक्ट्रिक गिटारचा आवाज डास गुणगुणल्याएवढाच येतो. सुंद्राबाईने स्वतःच्या पाठीवरचा एक काटा उपटला आणि त्याने तारा छेडल्या. तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण चाळीस वर्षं कंद सोलता सोलता ती मनातल्या मनात वाजवत आली होती. तेच सगळं त्या दुपारी तिच्या बोटांतून बाहेर आलं. रावजी डोळे मिटून ऐकत राहिले.

"इतकं सुंदर," ते म्हणाले, "आणि आपण थांबलो कशासाठी गं?"

आठवड्याभरात ते गेले. सुंद्राबाई पोटभर रडली, गिटार पुसली, पेटीत ठेवली. दिगूला ती काही बोलली नाही. ती दुपार तिची एकटीची होती. आयुष्यात मनासारखं असं तिला तेवढंच मिळालं होतं.

आता गोष्टीत गवाशेठ येतो. सरसावून बसा.

गवाशेठ म्हणजे मोठा रानगवा. जंगलातल्या सगळ्या चिखलाचा मालक. त्याला जुन्या वस्तू जमवायचा नाद होता, पण जुनी झाली की झाली असं नाही. ती वापरलेली नसली पाहिजे. त्याच्याकडे कधीही न नेसलेला शालू होता, कधीही न उघडलेली छत्री होती आणि कुणीही न वाचलेला ग्रंथसंग्रह होता. सुंद्राबाईच्या बिळात गिटार आहे, ही बातमी त्याच्या कानावर गेली. तो एका बगळ्याला घेऊन आला. हा बगळा जुन्या वस्तूंचा पारखी होता.

बगळ्याने डोळ्याला भिंग लावलं आणि तो पेटीपुढे एका पायावर उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. बगळ्याची निम्मी कमाई यातच असते.

"वस्तू चांगली आहे," शेवटी तो म्हणाला. "वाजवलेली आहे का?"

"छे हो!" दिगू म्हणाला. "चाळीस वर्षांत कुणी बोट लावलं नाही."

"मग फारच चांगली आहे."

"वाजते कशी, ते नाही का बघायचं?" सुंद्राबाईने विचारलं.

बगळ्याने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, वाजवून बघितली की ती वाजवलेली झाली. मग बघायचं काय उरलं?"

"आणि शेठ, तुम्ही ती वाजवणार केव्हा?"

"मी?" गवाशेठने पुढचा पाय उचलून खूर दाखवला. "म्हणून तर माझ्याकडे ती सुरक्षित आहे."

मग भावाचं बोलणं निघालं. वाजवलेली असेल तर गाडाभर रताळी. कोरी असेल तर टेकडीवरचं तीन तोंडांचं कोरडं बीळ, कायमचं.

दिगूने तिथल्या तिथे मान डोलावली. बाळांनो, त्याला हावरट म्हणू नका. ओढ्याकाठचं बीळ दर पावसाळ्यात भरायचं. त्याची तीन पिल्लं ओल्यात झोपायची आणि धाकटी तर दिवाळीपर्यंत खोकायची. सुंद्राबाई तिला पोटाशी घेऊन बसायची. आता साळिंदराने पोटाशी घेणं किती जपून करावं लागतं, ते तुम्हाला काय सांगू!

"हा ओरखडा कसला?" बगळ्याने मध्येच विचारलं.

तारांखाली एक बारीक रेघ होती. काट्याची.

"उंदीर असेल," दिगू म्हणाला.

"लिहितो. उंदीर." बगळ्याने लिहिलं. "आता न वाजल्याचा दाखला लागेल. त्याला साक्षीदार आणा."

"किती?"

"वाजल्याचा साक्षीदार एक पुरतो. न वाजल्याला मात्र सगळं जंगल लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाच्या झाडाखाली पंच बसले. पंच म्हणजे तीन माकडं. समोर सगळं जंगल रांगेत. प्रत्येकाने पुढे यायचं, आपण काय ऐकलं नाही ते सांगायचं आणि पंजाचा ठसा द्यायचा.

"मी नाही ऐकलं," भेकर म्हणालं.

"मी कधीच कुणाचं ऐकत नाही," रानडुक्कर म्हणालं.

धामणीला तर कानच नव्हते. तिची साक्ष सर्वांत भक्कम धरण्यात आली.

दुपारपर्यंत काम छान चाललं. मग भानुआबा आले. भानुआबा म्हणजे ओढ्यातलं कासव. वय दीडशे, सरळ स्वभाव. खोटं बोलायला जेवढी चपळाई लागते तेवढी त्यांच्यात कधी नव्हतीच.

"मी ऐकलंय," भानुआबा म्हणाले.

बगळ्याने लिहिता लिहिता मान वर केली.

"काय ऐकलंय?" बगळ्याने विचारलं.

"गिटार. श्रावणात, भर दुपारी. रावजी होते तेव्हा. मी बिळाबाहेर चिखलात पडलो होतो. दीडशे वर्षांत असलं काही कानावर पडलं नव्हतं बघा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खोटं कशाला सांगू?"

सुंद्राबाईला काय वाटलं असेल, सांगा बघू. भीती? भीती नंतर. आधी तिला भरून आलं. इतके दिवस तिला वाटत होतं की आता ती दुपार जगात तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. आणि इथे भर पंचांत कुणीतरी सांगत होतं, मी ऐकलं, मला रडू आलं. तिला वाटलं, उठावं आणि आबांचे पाय धरावेत.

मग तिला दिगूचा चेहरा दिसला.

"वीज होती का तेव्हा?" बगळा आबांना विचारत होता.

"नव्हती."

"गिटार कुठली?"

"इलेक्ट्रिक."

"मग विजेशिवाय वाजली कशी?"

भानुआबा विचार करू लागले. कासवाचा विचार तो. पंचांनी मधल्या वेळात चहा घेतला.

"ते मला नाही सांगता येत," आबा म्हणाले. "पण मी ऐकलं."

"वय?"

"दीडशे."

"लिहितो," बगळा म्हणाला. "वय दीडशे." आणि त्याने पंचांकडे अशा नजरेने पाहिलं की सगळ्यांना सगळं कळलं.

तरी एक माकड म्हणालं, "मालकीणबाई काय सांगतात ते ऐकू. त्या म्हणतील ते खरं."

सगळं जंगल सुंद्राबाईकडे वळलं. दिगू तिच्या कानाशी लागला. "आई, धाकटीचा खोकला आठव. बाकी काही आठवू नकोस."

सुंद्राबाई उभी राहिली. तिने एकदा आबांकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

"नाही वाजवली," ती म्हणाली. "कधीच नाही."

"मग आबांनी काय ऐकलं?"

"डास असतील. श्रावणात फार होतात."

भानुआबा रागावले नाहीत. त्यांनी मान हलवली. "बाई स्वतः म्हणतेय म्हणजे माझंच चुकलं. लिहा. भानुआबांनी काही ऐकलं नाही." आणि त्यांनी ठसा दिला, अगदी नीट दाबून.

दाखला झाला. त्यावर शिक्का बसला. गवाशेठने गिटार काचेच्या कपाटात उभी केली आणि दाखला शेजारी टांगला. लांबलांबून जनावरं येतात, काचेला नाक लावतात आणि म्हणतात, "वा! काय नाही वाजली!"

सुंद्राबाईचं कुटुंब टेकडीवर राहायला गेलं. बीळ खरंच कोरडं होतं. धाकटीचा खोकलाही गेला. हे सांगायलाच हवं, नाहीतर म्हणाल, हा एकाच बाजूने बोलतो.

पुढच्या श्रावणात एका दुपारी सुंद्राबाई कंद सोलत बसली होती. सवयीने मनातल्या मनात ती तेच वाजवू लागली. सुरुवात झाली, थोडं पुढे गेलं आणि अडलं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडलं. तिने कंद खाली ठेवला.

ती तडक गवाशेठकडे गेली. "एकदाच हात लावू द्या. बोटांना आठवेल."

"लावा की," गवाशेठ म्हणाला. "काचेला लावा."

मग ती टेकडी उतरून ओढ्यावर गेली. भानुआबा काठावर ऊन खात पडले होते.

"आबा, त्या दुपारचं ते... पुढे कसं होतं हो? मला अर्धंच आठवतंय."

आबांनी हळूच मान बाहेर काढली. "कुठल्या दुपारचं, पोरी?"

"असं काय करता? तुम्ही ऐकलं होतं. तुम्हाला रडू आलं होतं. मी खोटं बोलले, आबा, पंचांपुढे. तुमचंच खरं होतं."

"असेल," आबा म्हणाले. "तेव्हा मला ते सबंध येत होतं. रोज पाण्यात उतरताना गुणगुणायचो. पण मग मी ठसा दिला. म्हटलं, आता आपण गुणगुणलो आणि कुणी ऐकलं, तर दाखला खोटा ठरायचा आणि तुझं बीळ जायचं. पोरं पुन्हा ओल्यात. म्हणून विसरायला बसलो. कासवाला विसरायला फार वेळ लागतो, पोरी. रोज थोडं थोडं विसरलो. परवाच पुरतं झालं."

सुंद्राबाई तिथेच खाली बसली. आबांनी तिला पाणी हवं का विचारलं. ती नको म्हणाली.

तात्पर्य: वापरली की वस्तूची किंमत उतरते. म्हणून, बाळांनो, आयुष्यात ज्या गोष्टीने एकदा तरी खरं सुख दिलं असेल, ती आपल्या वाट्याला कधी आलीच नाही, असं शहाण्याने वेळीच लिहून द्यावं. भाव उत्तम येतो. आणि साक्षीदार निवडताना तो आपल्यावर माया करणारा नाही ना, एवढं मात्र बघून घ्यावं.