आवाज काही जाईना!

"ह्यात काय आहे! आण इकडे. चहा गाळून होईपर्यंत तुझा आवाज तिकडे पोचलेला असेल!"

मिस्त्रींनी हे वाक्य उच्चारलं आणि त्या घराची सुट्टीची दुपार बाराच्या भावात गेली. मंडळी, ह्या माणसाला गल्लीत सगळे मिस्त्री म्हणतात. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, गीझर, जे बंद पडेल ते ह्यांच्या दुकानात जातं आणि बहुतेक वेळा चालू होऊन परत येतं. त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूत एक स्क्रू असतो आणि तो पिळला की सगळं सुरळीत होतं, अशी ह्यांची ठाम समजूत! स्वतःचा फोन मात्र बटणांचा. "त्याला बिघडायला जागाच नाही," असं अभिमानाने सांगतात.

बिघडला होता तो बायकोचा फोन. बिघडला म्हणजे काय, तर लिहिलेलं जात होतं, बोललेलं जात नव्हतं. व्हॉइस मेसेज भरला की त्याच्या शेजारी एक चिमुकलं घड्याळ उगवायचं आणि तिथेच ठाण मांडून बसायचं.

आणि नेमकं बोललेलंच जायला हवं होतं! नव्या बसस्थानकाला घोषणा करायला आवाज हवा होता. मुलाखत नको, अर्ज नको, फक्त आवाजाचा नमुना पाठवायचा, तोही स्वतःच्या नंबरवरून आणि आज संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत. आता ह्या बाईचा आवाज म्हणाल तर जन्मापासून मोठा. माहेरी आई म्हणायची हळू बोल, शाळेत बाई म्हणायच्या हळू बोल, आणि लग्न झाल्यावर ते काम मिस्त्रींनी हाती घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, बोला, आम्हाला तुमचा आवाज हवाय, वर पगार देतो! तिने चार दिवस आरशासमोर तयारी केली होती. रात्री झोपेतसुद्धा गाड्या सोडत होती बिचारी.

त्यात तिने कुठूनसं ठरवून टाकलं होतं की घोषणा करणाऱ्या बाया मधाळ बोलतात. म्हणून तिने आवाज इतका मऊ लावला होता, की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मिस्त्री दचकून म्हणाले होते, "घरात कोण आलंय?"

"अहो, दोनदा पाठवला. नुसतं घड्याळ दिसतंय," ती म्हणाली. "मी जरा समोरच्या काकूंना विचारू का? त्यांची सून..."

"काकूंची सून? मी घरात असताना?" मिस्त्रींच्या वर्मी बाण लागला. "लोक मला मिस्त्री उगाच म्हणतात का? तू बस. आधी दोष कुठे आहे ते बघू."

त्यांनी फोन बंद करून चालू केला. हे ठीक होतं, हे आपण सगळेच करतो. पण मिस्त्रींची दुकानातली एक पद्धत आहे. एक स्क्रू पिळला की यंत्र एकदा चालवून बघायचं, आणि काय केलं ते मोठ्याने बोलायचं, म्हणजे विसर पडत नाही. त्यांनी बसस्थानकाचाच नंबर काढला, माइकचं चित्र दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चाचणी! बंद करून चालू केला आहे. बघू जातोय का."

घड्याळ उगवलं.

"अहो, तिकडे कशाला पाठवताय?"

"जिथे दोष तिथेच चाचणी! मिक्सर बिघडला तर पंखा लावून बघतात का?"

"पण तो गेला तर?"

"अगं, जातच नाहीये, हीच तर तक्रार आहे ना! जो मेसेज जात नाही तो जाणार कुठे?"

ह्या तर्कापुढे त्या माउलीने हात टेकले. खरं सांगतो, कुणीही टेकले असते.

मग त्यांनी जुना टूथब्रश आणून फोनच्या खालची भोकं घासली आणि इतक्या जोरात फुंकर मारली की काचेवर वाफ धरली. "चाचणी! माइक साफ केला आहे. टक, टक, टक. बायकोच्या फोनमध्ये पावशेर कणीक होती."

"कणीक नव्हती! पावडर होती!" मागून बायको. तेही भरलं गेलं.

पुन्हा घड्याळ.

"आता आत शिरावं लागेल," मिस्त्री म्हणाले आणि सेटिंगमध्ये शिरले. बटणांचा फोन वापरणारा माणूस सेटिंगमध्ये शिरला, की तो काय काय उलथंपालथं करेल त्याचा भरवसा नाही! एक दाबलं, दोन दाबली, "हे काय आहे बरं?" म्हणत तिसरं दाबलं, आणि फोनची भाषाच बदलली. अख्ख्या फोनभर वेटोळी अक्षरं पसरली, जिलब्या तळायला टाकाव्यात तशी. कुठल्या देशाची भाषा होती देव जाणे. नुसती चित्रं ओळखीची उरली.

"अहो, हे काय करून ठेवलंत? पूर्ववत करा आधी!"

"करतो ना! पण 'भाषा' हा शब्द ह्या भाषेत कसा दिसतो ते कळायला नको का?" मिस्त्रींना घाम फुटला होता, पण मान्य करतील तर शपथ. "ते जाऊ दे. माइकचं चित्र दिसतंय ना? मग काम अडत नाही. आता मला कळलं. रेंज! फोन वायफायच्या डबीजवळ न्यायला हवा."

डबी होती कपाटावर. फोनचा डेटा भरलेला नव्हता, कारण घरात वायफाय असताना वर रिचार्ज म्हणजे उधळपट्टी, असा मिस्त्रींचाच हुकूम होता. त्यांनी टेबल ओढलं, बायकोला टेबलावर चढवलं आणि फोन डबीला टेकवून ठेवला. "बघ, दिवे कसे भराभर लुकलुकतायत! म्हणजे डबी जीव तोडून काम करतेय. बोल आता!"

आणि ती बाई छताला डोकं टेकेल अशा बेताने उभी राहून, कपाटावरच्या धुळीत, मधाळ स्वरात म्हणाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोनवरून सुटणारी गाडी थोड्याच वेळात..."

"आक्छी!" खाली मिस्त्री शिंकले.

"अहो!!"

"पुन्हा बोल, पुन्हा बोल!"

ती पुन्हा बोलली. त्याच वेळी समोरच्या खिडकीतून काकूंनी विचारलं, "कुठे निघालात गं? गाडी किती वाजताची आहे?" तेही भरलं गेलं. तिसऱ्यांदा बोलली तेव्हा मिस्त्रींचा धीर सुटला आणि ते वाक्य संपायच्या आत गरजले, "अगं, तो तिकडचा साहेबच कानात बोळे घालून बसला असेल! त्याचाच फोन खटारा असणार! पोरखेळ लावलाय नुसता!"

घड्याळं आता खालपासून वरपर्यंत लागली होती. आणि भिंतीवरच्या खऱ्या घड्याळात ऑफिस बंद व्हायची वेळ जवळ येत होती. तिने ते पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"राहू दे," ती टेबलावरूनच म्हणाली. "माझं नशीबच तसलं. आयुष्यभर हळू बोल हळू बोल ऐकलं, आणि जिथे बोलायचं होतं तिथे आवाजच जाईना."

मिस्त्रींना गलबलून आलं. माणूस हेकेखोर, पण बायकोवर जीव आहे हो! आणि मिस्त्रींना गलबलून आलं की त्यांचा हात खिशाकडे जातो. खिशात नेहमी छोटा स्क्रू-ड्रायव्हर असतो.

"शेवटचा उपाय. उघडतो."

"काय उघडता?"

"फोन. आतली वायर सैल असणार. तू बघच!" त्यांनी फोन कपाटावरून खाली घेतला, माइकचं चित्र दाबून वर सरकवलं, म्हणजे बोट न धरता आवाज भरत राहतो आणि दोन्ही हात मोकळे मिळतात. ही युक्ती त्यांना मघाशीच चुकून सापडली होती. मग डोळे बारीक करून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यांनी फोनच्या कडेला लावलं.

आणि टेबलावरून तो आवाज सुटला. मधाळ नव्हे, खरा! जन्मापासून दाबून ठेवलेला!

"थांबा!! आहात तिथेच थांबा! एक पाऊल पुढे टाकायचं नाही! हातातलं खाली ठेवा! मागे व्हा! आणि मी सांगितल्याशिवाय कुणीही कशालाही हात लावायचा नाही!!"

मिस्त्री थांबले. हातातलं खाली ठेवलं. मागे झाले. समोरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. मिस्त्रींनी भरणं थांबवलं, आणि त्या मेसेजशेजारीही मुकाट्याने घड्याळ उगवलं.

इतक्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मिस्त्रींची आई कानातली इअरफोनची बोंडं काढत बाहेर आली. प्रसन्न दिसत होती.

"झाले हो सगळे भाग उतरवून! सकाळी तू लावून दिलेस ते आत्ता संपले. अख्खी मालिका आली फोनमध्ये, आणि चित्र काय स्वच्छ दिसतंय! चहा टाकू का रे सगळ्यांना?"

मिस्त्रींचा जबडा खाली आला. सकाळी, सुट्टीच्या दिवशी आईने सारखं हाक मारू नये म्हणून, त्यांनी स्वतःच्याच हाताने तिच्या फोनवर मालिकेचे सगळेच्या सगळे भाग एकदम डाउनलोडला लावले होते! कपाटावरची डबी जीव तोडून काम करत होती, ते सासूबाईंच्या मालिकेसाठी. सुनेच्या आवाजाला वाट मिळणार कुठून?

आता मिळाली. टुंग!

पहिलं घड्याळ गेलं आणि तिथे बरोबरची खूण आली. टुंग! दुसरं. टुंग! "बंद करून चालू केला आहे." टुंग! कणीक. टुंग! शिंक.

"अहो, थांबवा! पुसून टाका! ते बोळ्यांचं तरी पुसा!"

"कसं पुसू? 'पुसा' कुठे लिहिलंय ते वाचता येतंय का?" मिस्त्री त्या वेटोळ्या अक्षरांवर बोटं आपटत होते. एक दाबलं तर फोनने फोटो काढला. दुसरं दाबलं तर टॉर्च लागला. टुंग! काकू गेल्या. टुंग! साहेबाच्या कानातले बोळे गेले. टुंग! आणि सगळ्यात शेवटी टेबलावरची ती गर्जना गेली.

मग एकेक खूण निळी व्हायला लागली. तिकडे कोणीतरी ऐकत होतं. क्रमाने, एकही न सोडता!

बायको टेबलावरून उतरली आणि खुर्चीत बसली. ओरडली नाही, रडलीसुद्धा नाही. तेच मिस्त्रींना जड गेलं. आईने ठेवलेला चहा कुणी उचलेना.

"चुकलं माझं," मिस्त्री म्हणाले. असं ते एखाद्या गीझरलासुद्धा कधी म्हणाले नव्हते. "मी उद्या स्वतः जातो तिकडे. साहेबाचे पाय धरतो."

"तुम्ही कुठेही जाऊ नका," ती म्हणाली. "कृपा करा."

टुंग! ह्या खेपेला आवाज आला तो तिकडून. बसस्थानकाचा व्हॉइस मेसेज. तिने दाबावा की नाही अशा बोटांनी दाबला. कुणी प्रौढ गृहस्थ बोलत होते.

"नमस्कार. मी बसस्थानकातून बोलतोय. तुमचे नमुने ऐकले. सगळे ऐकले." इथे ते खाकरले. "बाई, सुरुवातीचे गोड आहेत. पण असे गोड आवाज आमच्याकडे ढिगाने आले, आणि ते लावले की प्रवासी पेंगतात. तुमचा तो शेवटचा नमुना मात्र आम्ही सहज म्हणून भोंग्यावर लावून पाहिला. आमच्याकडे लोक चालत्या गाडीमागे धावतात, बाई! रोज सांगतो, कुणी ऐकत नाही. आज सगळे जागच्या जागी उभे राहिले. एका वाहकाने तिकिटांचं मशीन खाली ठेवलं. सुटलेली गाडीसुद्धा थांबली. तुम्ही सोमवारपासून या."

बायकोने दोन्ही हात तोंडावर घेतले. आईने "अगं बाई!" म्हटलं. मिस्त्री छाती फुगवून काहीतरी बोलणार, तोच मेसेज पुढे सुरू झाला.

"मी कानात बोळे घालत नाही, एवढं त्या गृहस्थांना सांगा. आणि बाई, ते गृहस्थ सुखरूप आहेत ना? तेवढं लगेच कळवा. इथे ऑफिसात सगळे काळजीत आहेत."

तिने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी चहाच्या कपात पाहिलं. मग तिने फोन तोंडाशी धरला, आणि अजिबात हळू न बोलता म्हणाली,

"आहेत! अजून तरी!"

हा मेसेज पहिल्या झटक्यात गेला.